पैसे दिले, तिकीट हातात नाही आणि चेकर चढला: दंड कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात रंकाळ्याला शहर बसमध्ये चढलात, विद्यापीठाला जायचं होतं. गर्दीत कंडक्टरने पैसे घेतले, ‘देतो तिकीट, पुढं सरका’ म्हणाला आणि तोच पुढं गेला. बिंदू चौक मागं पडला. उमा टॉकीजच्या पुढं दोन चेकर चढले, तेव्हा तुमच्याकडं तिकीट नव्हतं. कंडक्टर म्हणाला, ‘ह्यांनी पैसेच दिले नाहीत.’ तुम्ही दंड भरलात, पावती घेतलीत आणि आता विचारताय की पैसे देऊनही मी विदाऊट कसा ठरलो, कंडक्टर सुटला कसा आणि पुढच्या वेळी काय करायचं.

यावर लोक सहसा दोनच गोष्टी सांगतात: कंडक्टरच चोर, नाहीतर चेकर नुसता दंडाचा आकडा भरायला आलेला. दोन्ही कधी कधी खरं असतं, पण तुमच्या प्रसंगाचा निकाल त्यावर लागत नाही. चेकर बसमध्ये पाय ठेवतो त्या क्षणी बसमध्ये माणसं किती, मशीनमधून तिकिटं किती निघालीत आणि बॅगेत रोकड किती, या तीन आकड्यांवर तो लागतो. पहिले दोन आकडे तुमच्या विरुद्ध होते. तिसरा कुणी मोजला का? तुमच्या हकिगतीत त्याचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते तुमचं घोडं तिथंच अडलंय.

आधी कायदा, कारण त्यातली एक सवलत फार थोड्यांना माहीत असते. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 124 म्हणतं की योग्य पास किंवा तिकीट जवळ नसताना प्रवासासाठी बसमध्ये चढायचं नाही आणि थांबायचंही नाही. त्यालाच जोडून पुढं म्हटलंय की तिकीट बसमध्येच मिळत असेल तर प्रवाशाने आधी चढायला हरकत नाही. मात्र चढल्यावर शक्य तितक्या लवकर भाडं देऊन तिकीट घ्यायचं. ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे किती मिनिटं हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते बसमधल्या परिस्थितीवर सोडलंय आणि चेकरचा सगळा विवेक तिथंच कामाला लागतो. कलम 178 मध्ये शिक्षा आहे. विनातिकीट प्रवाशाला 500 रुपयांपर्यंत दंड. बसमधून उतरल्यानंतरही तिकीट मागितलं आणि दाखवलं नाही, तरी हेच कलम लागतं; म्हणून स्टॉपवर उतरल्या उतरल्या तिकीट टाकून देऊ नये. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम कंडक्टरसाठी आहे: भाडं घ्यायला नकार, पैसे घेऊन तिकीट न देणं, चुकीचं किंवा कमी रकमेचं तिकीट देणं. तिथंही दंड 500 रुपयांपर्यंतच. कंडक्टरला खरी भीती त्या 500 ची नसते, खातेनिहाय चौकशीची आणि नोकरीची असते.

बसमध्ये पावती करून घेतात ती रक्कम प्रत्येक परिवहन सेवेची वेगळी आणि वेळोवेळी बदलणारी. एसटीत चुकवलेलं भाडं आणि त्यावर भाड्याच्या दुप्पट किंवा 100 रुपये, यांतलं जे जास्त ते, अशी पद्धत आहे. कोल्हापुरात कागल, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा रस्त्यांवर एसटी आणि केएमटी, म्हणजे महापालिकेची शहर बस, दोन्ही धावतात आणि लोक एकीचा नियम दुसरीला लावून भांडतात. पावतीवर भाडं किती आणि दंड किती हे वेगवेगळं लिहिलंय का, ते बघा. नुसती एक गोळाबेरीज रक्कम असेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता चढल्यापासून चेकर येईपर्यंत काय होतं ते बघू. एका माणसाचं तिकीट काढायला, म्हणजे कुठं जायचं विचारणं, मशीनवर टप्पा (ज्यावरून भाडं ठरतं तो थांबा) दाबणं, पैसे घेणं, सुट्टे देणं, कागद फाडून हातात ठेवणं, याला चांगल्या कंडक्टरलाही दहा सेकंद लागतात. यूपीआय असेल तर वीस-तीस. एका स्टॉपवर तीस माणसं चढली तर रोखीतही पाच मिनिटं गेली. पुढचा स्टॉप मात्र तीन मिनिटांवर, आणि तिथं आणखी दहाजण चढणार. सकाळी कॉलेजच्या वेळेला, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला हे गणित रोज कोसळतं. त्यामुळे गर्दीच्या बसमध्ये दोन-चार प्रामाणिक माणसं विनातिकीट सापडणारच, हे धरूनच चेकर चढतो. तपासणीची जागाही त्याच हिशेबाने निवडतात. जिथं गर्दी चढते तिथं नव्हे, तर टप्पा ओलांडून थोडं पुढं गेल्यावर, कंडक्टरला सगळ्यांपर्यंत पोचायला वाजवी वेळ मिळालेला असतो तिथं. तुम्ही रंकाळ्याला चढून उमा टॉकीज ओलांडलंत म्हणजे ‘आत्ताच चढलो’ हे सांगायची सोय उरली नव्हती.

अनुभवी चेकर चढल्या चढल्या प्रवाशांकडं जात नाही. आधी मशीन थांबवतो. एकजण पुढच्या दाराने, दुसरा मागच्या दाराने. पहिला थेट कंडक्टरसमोर उभा राहून मशीन आणि वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीच्या हिशेबाचा कागद, हातात घेतो. कारण उघड आहे: मशीन चालू राहिलं तर कंडक्टर त्याच मिनिटाला राहिलेली तिकिटं काढून वाटेल. तिकिटावर तारखेबरोबर वेळ छापलेली असते. चेकर 9 वाजून 41 मिनिटांनी चढला आणि तिकीट 9:42 चं निघालं, तर त्या तिकिटाने कुणीच वाचत नाही, उलट कंडक्टर जास्त अडकतो. मग माणसं मोजायची. मांडीवरची लहान पोरं आणि पासवाले वेगळे धरायचे. मशीनमधून तपासणीचा अहवाल निघतो. त्यात कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत किती प्रवासी आत असायला हवेत, हे दिसतं. बसमध्ये 48 माणसं, पास 9, म्हणजे 39 तिकिटं चालू हवीत. मशीन 36 दाखवतंय. तीन माणसं कोण, हे शोधायला मग तिकिटं बघत जायचं. क्रम हा असा. ज्या तपासणीत सरळ पहिल्या सीटपासून तिकिटं मागायला सुरुवात होते, ती घाईची तपासणी समजा.

विनातिकीट तीन माणसं सापडली की चेकरच्या डोक्यात पहिला प्रश्न ‘चोर कोण’ हा नसतो. पैसे दिलेत का, हा असतो. तिथून दोन फाटे फुटतात. पैसे दिलेच नाहीत, तर प्रवासी दोषी. आणि कंडक्टर त्यांच्याजवळून तिकीट न विचारता गेला असेल तर निष्काळजीपणाची नोंद त्याच्याही नावावर. पैसे दिलेत पण तिकीट नाही, तर प्रकरण पार वेगळं. तो अपहाराचा संशय होतो आणि तिथं प्रवाशाकडून दंड घेऊन विषय मिटवणं ही चुकीची तपासणी आहे. तुमच्यावर अन्याय झाला असेल तर तो या फाट्यावर झाला.

हा फाटा ओळखायचा एकच धड मार्ग म्हणजे रोकड. ड्यूटी सुरू करताना कंडक्टरने स्वतःजवळची आणि सुट्ट्यांसाठी घेतलेली रक्कम वेबिलावर लिहायची असते. न लिहिलेली रोकड खिशात सापडली तर तीही बॅगेत धरून हिशेब होतो. हिशेब असा: विकलेल्या तिकिटांची एकूण रक्कम, त्यातून यूपीआयने आलेली वजा, त्यात सुरुवातीची रक्कम अधिक, आणि प्रवाशांचे द्यायचे राहिलेले सुट्टे अधिक. समजा, तिकिटं 2,340 रुपयांची, यूपीआय 610, सुरुवातीची रक्कम 200, द्यायचे सुट्टे 35. बॅगेत 1,965 रुपये हवेत. मोजल्यावर 1,980 निघाले आणि तुमचं तिकीट 15 रुपयांचं होतं, तर तुमच्या बाजूने एक बोलका पुरावा उभा राहिला.

यात सुट्ट्यांची बाब बारकाईने बघावी लागते, कारण सगळे बहाणे तिथून निघतात. जास्तीचे 15 रुपये दिसले की कंडक्टर म्हणणार, ‘मागच्या बाईंचे सुट्टे द्यायचे आहेत.’ असतीलही. तिकिटाच्या मागं पेनाने ‘5 बाकी’, ‘10 बाकी’ असं लिहून देण्याची पद्धत याचसाठी आहे. चेकर त्या बाईंचं तिकीट उलटं करून बघतो. मागं आकडा असेल तर बहाणा खरा, कोरं असेल तर नाही. म्हणून स्वतःच्या सुट्ट्यांसाठीही तिकिटामागं आकडा लिहून घ्या. ‘उतरताना घ्या की पाहुणं’ एवढ्यावर राहू नका.

तेव्हा त्या क्षणी काय करायचं, तर एकच वाक्य शांतपणे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं: ‘मी अमुक स्टॉपला अमुक नोट दिली आहे, मशीन बंद ठेवा आणि बॅग मोजा.’ नोटेचा आकडा महत्त्वाचा. ‘पैसे दिले’ असं मोघम सांगणारा आणि ‘पन्नासची नोट दिली, पस्तीस परत आले’ असं सांगणारा, या दोघांत चेकर दुसऱ्याकडं जास्त लक्ष देतो, कारण ती गोष्ट तपासता येते. शेजारच्याने पाहिलं असेल तर त्यालाही लगेच विचारा. पुढच्या स्टॉपला तो उतरून गेला की संपलं.

रोकड तंतोतंत जुळली तर? मग तुमची बाजू पडते, पण पुरती नाही. कंडक्टरने पैसे बॅगेत न टाकता दुसरीकडं ठेवले असतील किंवा घाईत हिशेब चुकला असेल. त्या वेळी दंड भरा, पावती घ्या आणि ‘पैसे दिले होते’ असा दोन ओळींचा जबाब चेकरकडं लिहून द्या. कंडक्टरचा जबाब घेतात तसा प्रवाशाचाही घेता येतो. बहुतेक प्रवासी नाव-पत्ता द्यायला तयार नसतात. कॉलेजला उशीर होतोय, नसती भानगड नको. समजण्यासारखं आहे. पण प्रवासी लिहून देत नाही म्हणून चेकर सोपा मार्ग धरतो आणि दंड प्रवाशाच्या माथी येतो. तुमचा जबाब नव्हता म्हणून कंडक्टरवर काहीच करता येणार नाही, असं कुणी सांगितलं तर तेही खरं नाही. हरियाणा राज्य विरुद्ध रतनसिंग या 1977 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बस कंडक्टरच्या बाबतीतच म्हटलंय की खातेनिहाय चौकशीत प्रवाशांचे लेखी जबाब नसले म्हणून चौकशी बाद होत नाही. तपासणी करणाऱ्याची साक्ष आणि इतर पुरावाही चालतो. जबाब नसला तर प्रकरण दुबळं होतं, मरत नाही.

इथपर्यंतचं एका दमात: उशीर समजून घेतला जातो, पण टप्पा ओलांडेपर्यंतच, पैसे दिलेत की नाही हे रोकड सांगते, आणि रोकड तेव्हाच मोजून घ्यावी लागते, संध्याकाळी डेपोत भरणा झाल्यावर त्या फेरीतले तुमचे 15 रुपये कुणाला वेगळे काढता येत नाहीत.

यूपीआयचं वेगळं सांगायला हवं, कारण अलीकडचे निम्मे वाद तिथले असतात. मशीनवर किंवा बसमध्ये लावलेल्या कोडवर पैसे गेले तर व्यवहाराची वेळ आणि रक्कम हाच तुमचा पुरावा. तिकीट निघालं नाही तरी फोनमधला व्यवहार क्रमांक दाखवा. नुसता स्क्रीनशॉट दाखवू नका, ॲप उघडून इतिहासातली नोंद दाखवा. जुने स्क्रीनशॉट दाखवणारे महाभाग इतके झालेत की चेकर स्क्रीनशॉटकडं बघायलाही तयार नसतो. पैसे खात्यातून गेले आणि मशीनवर आलेच नाहीत, तर अशा व्यापारी व्यवहारात रक्कम 5 दिवसांत आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. त्यासाठी बँकेकडं जा, कंडक्टरशी हुज्जत घालून काही निघणार नाही. मात्र त्या प्रवासाचं तिकीट तेव्हा रोखीने काढा. आणि कुणी ‘माझ्या नंबरवर टाका’ म्हणालं तर साफ नाही म्हणा. ते पैसे परिवहनकडं जात नाहीत, मशीनला त्याची खबर नसते, आणि चेकर आला तर तुम्ही कंडक्टरला खासगीत पैसे दिले एवढंच सिद्ध होतं.

कंडक्टरच्या बाजूने होणाऱ्या लबाड्या ओळखून ठेवलेल्या बऱ्या. जवळच्या टप्प्याचं तिकीट देऊन लांबचे पैसे घेणं. हातात तिकीट आलं की रक्कम आणि टप्पा दोन्ही वाचायची सवय लावा, दोन सेकंदांचं काम आहे. आधीच्या माणसाने सीटवर टाकलेलं तिकीट उचलून दुसऱ्याला देणं. यासाठी वेळ बघा. मोठ्या माणसाला लहान मुलाचं तिकीट देणं. आणि सगळ्यांत जुनी म्हणजे ‘पंधराच्या जागी दहा द्या, तिकीट राहू दे.’ या शेवटच्या व्यवहारात प्रवासी निर्दोष नसतो. चेकरसमोर मग दोघंही सारखेच पडतात, आणि ‘त्यांनीच सांगितलं’ हे कुणी ऐकून घेत नाही. एक मात्र कंडक्टरच्या बाजूने सांगतो. मशीनवर टप्पा पुढं करायचा राहिला की मागच्याच टप्प्यापासूनची तिकिटं निघतात आणि प्रवाशांकडून जास्त पैसे जातात किंवा अहवालात माणसं जुळत नाहीत. हे गर्दीत होतं आणि दरवेळी त्यामागं लबाडी नसते.

प्रवाशांच्या लबाड्या सगळ्यांना ठाऊकच आहेत, फार सांगत नाही. ‘पास!’ म्हणून मान हलवणं. राजारामपुरीचं तिकीट काढून पुढं सायबर चौकापर्यंत बसून राहणं. मित्राचा पास, फोटोवर बोट ठेवून. दारात उभं राहून कंडक्टर मागं आला की पुढं, पुढं गेला की मागं. यातलं टप्पा ओलांडणं सर्वांत जास्त सापडतं आणि लोकांना तो गुन्हाच वाटत नाही, कारण हातात तिकीट असतं. पण तिकीट संपलं त्या स्टॉपच्या पुढं तुम्ही विनातिकीटच. झोप लागली असेल, बेत बदलला असेल, तर स्टॉप यायच्या आधी कंडक्टरला सांगून पुढचं तिकीट काढा. स्टॉप गेल्यावर आणि चेकर दिसल्यावर काढलेल्या तिकिटाची वेळच तुम्हाला पकडून देते.

पास असणाऱ्यांनी तारीख पाहावी. शेवटच्या दिवसानंतरची पहिली सकाळ हा चेकरचा ठरलेला दिवस असतो, कारण महिन्याच्या त्या तारखांना शिळे पास घाऊक सापडतात. विद्यार्थी पासावर लिहिलेला मार्ग सोडून दुसऱ्या मार्गाच्या बसमध्ये बसलात, किंवा पास आहे पण ओळखपत्र घरी, तर तपासणीपुरता तो पास नाहीच असं धरतात. एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांच्या बाबतीत पास पाकिटात आणि पाकीट डब्याच्या पिशवीत असं असतं. दाखवायला वेळ लागला म्हणून कुणी दंड करत नाही, सापडेपर्यंत थांबतात.

सवलतींचा घोळ एसटीमुळे झालाय. महिलांना निम्मं तिकीट ही सवलत एसटीत 17 मार्च 2023 पासून आहे, 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास ऑगस्ट 2022 पासून. या योजना एसटीच्या आहेत. शहर बसमध्ये त्या आपोआप लागू होत नाहीत. शहर बसच्या सवलती महापालिकेची परिवहन सेवा स्वतः ठरवते. कागलहून एसटीने निम्म्या तिकिटात आलेल्या मावशी स्टँडवरून केएमटीत बसतात आणि निम्मेच पैसे पुढं करतात, इथं वाद होतो. अडाणीपणा समजून सोडून द्यावं, दंड करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे; उरलेले पैसे घेऊन पूर्ण तिकीट द्यावं. आणि एसटीत मोफत प्रवास असला तरी शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचंच असतं, आजोबांनी ते मागून घ्यावं. डोकी मोजताना तेही मोजलं जातं.

लगेजबद्दल एवढंच: गांधीनगरहून कापडाचे गठ्ठे घेऊन येणाऱ्यांचं स्वतःचं तिकीट असतं, गठ्ठ्याचं नसतं. चेकर आला की गठ्ठा कुणाचाच नसतो, सगळे खिडकीबाहेर बघतात. कंडक्टरला चढतानाच विचारा.

कुटुंबाचं एकत्र तिकीट ही आणखी एक अडचणीची जागा. मशीन चार माणसांचं एकच तिकीट देतं. बाबा पुढं उभे, आई आणि मुली मागं, तिकीट बाबांच्या शर्टाच्या खिशात. मागचा चेकर आईला तिकीट विचारतो. अशा वेळी ‘तिकीट पुढं आहे, चार माणसांचं, रंकाळा ते विद्यापीठ’ असं सांगा; चेकर पुढच्याकडून खात्री करून घेतो. गर्दीच्या बसमध्ये पांगणार असाल तर सरळ वेगवेगळी तिकिटं मागा.

तिकीट हरवलं तर मशीनमध्ये नोंद आहेच की, असं बरेचजण म्हणतात. नोंद असते. पण त्या नोंदीवर नाव नसतं. रंकाळ्याचं ते तिकीट घेतलेला माणूस बिंदू चौकात उतरून गेला आणि तुम्ही त्याच्या जागी उभे आहात, असंही असू शकतं. म्हणून कागद हातात हवा. तो कागदही नाजूक असतो. शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात, त्यामुळे घामाच्या मुठीत, घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा जुलैच्या पावसात भिजल्यावर पुसट होतो. छापलेली बाजू आत करून एक घडी, आणि पाकिटात. पुसट झालेल्या तिकिटाचा नंबर जरी वाचता आला तरी चेकर मशीनवर ताडून बघू शकतो.

दंड भरायचा की नाही, यावर तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, कारण पुढच्या वेळी हा प्रश्न येईल. रक्कम पटत नसेल तर हरकत नोंदवून भरा. पावती हातात येते आणि नंतर भांडायला कागद मिळतो. नकार दिला तर प्रकरण पोलीस ठाण्यात आणि तिथून न्यायालयात जाऊ शकतं, जिथं कलम 178 खाली दंड 500 पर्यंत होऊ शकतो. चेकरला ओळखपत्र दाखवायला सांगता येतं. पावती न देता पैसे मागितले तर देऊ नका. विनापावती दंड हा सरळ त्याच्या खिशातला दंड. फोन हिसकावणं, कॉलर धरणं, पोराला बसमध्ये सगळ्यांसमोर उभं करून ओरडणं, हे कुठल्याही तपासणीत बसत नाही. शाळकरी मुलाच्या बाबतीत तर पालकांचा नंबर घ्यावा आणि विषय मिटवावा.

आता तुमचं प्रकरण. पावती जवळ आहे, म्हणजे तारीख, वेळ आणि जागा नक्की आहे. परिवहन व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करा. त्यात बसचा एमएच 09 चा पूर्ण क्रमांक किंवा निदान मार्ग आणि वेळ, कंडक्टरचा बिल्ला क्रमांक आठवत असेल तर तो, पावती क्रमांक, किती रुपयांची नोट दिली आणि कुठं दिली, एवढंच लिहा. रागाची वाक्यं नकोत, ती वाचणारा माणूस पहिल्या परिच्छेदानंतर पान उलटतो. दोन गोष्टी नेमक्या मागा: त्या तपासणीत रोकड मोजली होती का, आणि मोजली असेल तर वेबिलवर काय नोंद आहे, शिवाय त्या फेरीचा मशीनमधला तपशील आणि बसमध्ये कॅमेरा असेल तर त्याचं चित्रीकरण जपून ठेवायला त्यांना सांगा. कॅमेऱ्याचं चित्रीकरण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, म्हणून हे याच आठवड्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्याच वेबिलची प्रत मागा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत.

दंड परत मिळेल का? रोकड मोजली होती आणि तुमच्या भाड्याएवढी जास्त निघाली असेल तर मागणी धरून लावा, परतावा नाकारायला त्यांच्याकडं फार थोडं कारण उरतं. रोकड मोजलीच नसेल तर पैसे परत येण्याची आशा कमी. तरीही अर्ज करा, कारण मशीन न थांबवता आणि बॅग न मोजता केलेल्या तपासणीची नोंद त्या चेकरच्या नावावर जाते, आणि त्याच कंडक्टरविरुद्ध दुसऱ्या कुणाचा असाच अर्ज आधी पडलेला असेल तर दोन्ही एकत्र वाचले जातात. वेबिलची नोंद आधी हातात येऊ द्या, मग परताव्यासाठी किती खेटे घालायचे ते ठरवा.